सिंगरवाल्याचा वाडा

मा. संपादकसाहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका सद्गृहस्थांचं पत्र वाचलं. पेठांमधले जुने वाडे एकदाचे पाडावेत आणि तिथे लिफ्टच्या इमारती उभ्या कराव्यात, असं त्यांचं म्हणणं. ज्याचं त्याचं मत, त्यावर मी शाई खर्च केली नसती. पण शेवटी त्यांनी ठोकून दिलं आहे की, अमेरिकेत शंभर वर्षांच्या घरात कुणी राहत नाही, फ्लॅट ही नव्या काळाची वस्तू आहे आणि आपण कोल्हापूरकर मात्र कौलांना कवटाळून बसलोय. एवढं वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. कारण न्यूयॉर्कमधली १८८४ सालची फ्लॅटची इमारत मी या डोळ्यांनी बघून आलोय. तिच्यात आजही माणसं राहतात, आणि तिथे राहायला मिळावं म्हणून कोटी कोटी मोजतात.

मी धंद्याने शिंपी. वय ७३. शुक्रवार पेठेत, गंगावेशीकडून नदीला जाताना, एका वाड्याच्या दर्शनी खोलीत आमचं दुकान तीन पिढ्या आहे. शिक्षण जुनी अकरावी. बाकी जे काही डोक्यात आहे ते करवीर नगर वाचन मंदिरातल्या कपाटांमुळे. हे आधीच सांगतो, म्हणजे 'शिंप्याला काय कळतंय इमारतीतलं' हे म्हणणाऱ्यांचा वेळ वाचेल.

आता शिंप्याचा आणि न्यूयॉर्कच्या इमारतीचा संबंध काय? संबंध मशीनचा.

दुकानात सिंगरचं ३१-के हे पायमशीन आहे. आजोबांनी १९३४ साली हप्त्याने घेतलं. 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडच्या क्लाईडबँक गावातला सिंगरचा कारखाना. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी निम्मी वडिलांच्या मनगटाने पुसली, उरलेली माझ्या. याच मशीनवर आजोबांनी गंगावेस तालमीतल्या पैलवानांचे शर्ट शिवले. पैलवानाच्या दंडाला माया जरा जास्तच सोडावी लागते, कारण माप दिलं त्या दिवशीचा दंड आणि शर्ट न्यायला येतो त्या दिवशीचा दंड यात फरक पडलेला असतो. वडील सांगायचे, या कंपनीची अमेरिकेत माडी आहे, जगात सगळ्यात उंच. लहानपणी मला वाटायचं, तिथे मजल्यामजल्यावर मशीनं खडखडत असणार आणि खालच्या माणसाला झोप लागत नसणार.

२०१८ च्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी आमच्या मंडळींना न्यू जर्सीला जायचं होतं. त्यांना एकटीला विमानात बसायची भीती, म्हणून मी सोबतीला. म्हणजे मी त्या देशात गेलो तो सामानासारखाच. तिकडे बाळ झालं, बारसं झालं, आणि एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय बघायचंय ते सांगा." मी म्हटलं, सिंगरची माडी. तिने मोबाईलमध्ये शोधलं आणि थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, ती पाडली हो."

ही माडी १९०८ साली पुरी झाली होती. आर्किटेक्ट अर्नेस्ट फ्लॅग. उंची ६१२ फूट. वडिलांचं खोटं नव्हतं, वर्षभर का होईना ती जगातली सगळ्यात उंच इमारत होती. खालच्या दालनात संगमरवरी खांब आणि त्यांवर कांस्याची गोल पदकं. एका पदकावर कंपनीची अक्षरं, तर दुसऱ्यावर सुई, दोरा आणि बॉबिन. सुई-दोऱ्याला खांबावर असं देवासारखं बसवलेलं मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. कंपनीने ती विकली, आणि १९६७ पासून ती उतरवायला घेतली. मालकाने आपखुशीने पाडलेली एवढी उंच इमारत तोवर जगात दुसरी नव्हती. पुरी साठी भरली नव्हती तिची. म्हणजे पत्रलेखक महाशयांचं अर्धं खरं आहे, पाडण्यात अमेरिकन माणूस आपल्यापेक्षा कच्चा नाही.

माझा पडलेला चेहरा बघून लेकच म्हणाली, "पण सिंगरच्या मालकाने बांधलेलं घर आहे अजून. बहात्तराव्या रस्त्यावर."

त्या घराचं नाव डकोटा.

मालक म्हणजे आयझॅक सिंगर नव्हे. सिंगरने १८५१ साली मशीनचं पेटंट घेतलं, डोकं त्याचं. पण पेटंटवरून कोर्टकज्जे सुरू झाले तेव्हा एडवर्ड क्लार्क नावाचा वकील त्याने भागीदार करून घेतला, आणि धंदा वाढवला तो या वकिलाने. त्या काळी मशीनची किंमत शंभर डॉलरच्या वर. गरीब शिंप्याने, विधवा बाईने एवढे पैसे आणायचे कुठून? तर क्लार्कने १८५६ च्या सुमाराला हप्त्याची पद्धत काढली: थोडे आत्ता द्या, मशीन घरी न्या, उरलेले महिन्याला फेडा. माझ्या आजोबांनी जे हप्ते फेडले ते या माणसाच्या डोक्यातून निघालेले. त्याचं घर बघायचा माझा हक्क पोचत होता, असं मला तरी वाटलं.

सत्तरी गाठत आलेल्या क्लार्कने १८८० साली ही इमारत बांधायला काढली. आर्किटेक्ट हेन्री हार्डनबर्ग, वय जेमतेम तेहतीस. पुढे याच हार्डनबर्गने न्यूयॉर्कचं प्लाझा हॉटेल बांधलं. जागा मात्र शहराच्या बाहेर पडीक म्हणावी अशी. सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला तेव्हा मोकळी रानं, खडक आणि तुरळक झोपड्या. डकोटा हा अमेरिकेचा पार वायव्येचा मुलूख, तेवढ्या लांब घर बांधलंय म्हणून लोकांनी हे नाव पाडलं, अशी दंतकथा तिथे सांगतात. खरं कारण त्याहून साधं असावं. क्लार्कला पश्चिमेकडच्या मुलखांच्या नावांचा शौकच होता, त्या भागातल्या रस्त्यांनाही मोंटाना, वायोमिंग अशी नावं द्या, असं त्याने सुचवलं होतं. इमारतीवर उंचावर तिथल्या मूळ रहिवासी पुरुषाचा दगडी चेहरा कोरलेला आहे, तो रस्त्यावरून दिसतो. मान मात्र दुखते.

त्या काळच्या न्यूयॉर्कात पैसेवाला माणूस फ्लॅटमध्ये राहायचा नाही, हे पत्रलेखक महाशयांनी विशेष ध्यानात घ्यावं. प्रतिष्ठित माणूस म्हणजे स्वतःचं घर, स्वतःचा दरवाजा. एका छपराखाली अनेक बिऱ्हाडं म्हणजे गरिबांची वस्ती, नाहीतर पॅरिसचा चाळा. म्हणून अशा घरांना 'फ्रेंच फ्लॅट' म्हणत. फ्लॅटला तिथेही नाकं मुरडली गेली होती, आणि ती मुरडायचं थांबवायला क्लार्कने असा वाडा बांधला की स्वतःचा बंगला त्याच्यापुढे फिका वाटावा. सुरुवातीला एकूण ६५ फ्लॅट, कुठला चार खोल्यांचा तर कुठला वीस खोल्यांचा. कुठलेही दोन एकसारखे नाहीत. आम्ही शिंपी याला 'मापाचं शिवलेलं' म्हणतो. आजचे फ्लॅट म्हणजे रेडिमेड: मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज, घालून बघा आणि बसतंय म्हणा.

मी तिथे पोचलो तेव्हा कमानीपुढे पन्नासेक माणसं फोटो काढत होती. का, तर बीटल्समधला जॉन लेनन इथे राहायचा आणि ८ डिसेंबर १९८० च्या रात्री याच कमानीत त्याला गोळ्या घातल्या. रस्ता ओलांडला की बागेत त्याच्या आठवणीचं गोल मोझेइक आहे, त्यावर लोक फुलं ठेवतात. सगळे कमानीचा फोटो काढत होते, मी कठड्याचा काढत होतो.

कारण कठडा बिडाचा. इमारतीभोवती कोरडा खंदक ठेवलाय, तळघराला उजेड-वारा मिळावा म्हणून, आणि त्याच्या कडेने हे ओतीव काम: दाढीवाल्या जलदेवाचं तोंड आणि दोन्ही बाजूंना वेटोळं घातलेले सर्पासारखे प्राणी. दाढीचा केस न केस सुटा दिसतो. आमच्या उद्यमनगरातल्या एखाद्या मोल्डरला तिथे उभा केला असता तर त्याने आधी हात फिरवून बघितलं असतं, साच्याचा सांधा कुठे लपवलाय ते. मीही तेच केलं. सांधा सापडला नाही. माझ्या मशीनच्या पायांची जाळीही बिडाचीच, तिच्यात सिंगरचं नाव ओतलेलं. तिच्यावर आणि या कठड्यावर एकाच काळाचा हात आहे, हे बोटांना आधी कळलं, मग डोक्याला.

माझा हात कठड्यावर बघून दरवान आला. कमानीपाशी त्याची छोटी चौकी आहे. लेकीने त्याला इंग्रजीत सांगितलं की, माझे वडील भारतात शिंपी आहेत आणि त्यांच्याकडे सिंगरचं जुनं मशीन आहे. तो हसला, काहीतरी छान बोलला, आणि आत सोडलं नाही. बरोबरच आहे, राहतं घर आहे ते, प्रदर्शन नव्हे. त्याच्या कोटाचा खांदा मात्र बघून घेतला. एक झोल नाही.

आतलं जे सांगतोय ते जावयाने ग्रंथालयातून आणलेल्या जाड पुस्तकातून, जावई वाचून दाखवायचा आणि मी नकाशावर बोट फिरवायचो. आणि नकाशा बघितल्यावर माझ्या तोंडून निघालं, "हा तर वाडा आहे की!"

कमानीतून आत गेलं की मधोमध चौक. बग्गी आत यायची, चौकात वळायची, पाऊस असला तरी बाईसाहेबांच्या झग्याला चिखल लागायचा नाही. चौकात कारंजी. चारही कोपऱ्यांत जिने आणि लिफ्ट, १८८४ साली बरं का. कोपऱ्याकोपऱ्यातून थेट आपापल्या दारात जायचं, त्यामुळे हॉटेलसारखे लांबलचक अंधारे बोळ नाहीत. मोठ्या फ्लॅटना उजेड दोन बाजूंनी: रस्त्याकडून आणि चौकातून. आमच्या वाड्यात भर मे महिन्यातही दुपारी पंखा लागत नाही तो याच युक्तीमुळे. चौकातली गार हवा सोप्यातून ओढली जाते आणि परड्याकडे निघून जाते. क्लार्कच्या वाड्यात स्वतःची वीज तयार होत होती, सगळीकडे वाफेची ऊब होती, खाली रहिवाशांसाठी मोठी भोजनशाळा होती आणि घरी जेवायचं असलं तर ताटं छोट्या पाळण्यातून वर पाठवत. छपराखालच्या मजल्यांवर नोकरांच्या खोल्या आणि कपडे धुण्या-वाळवण्याच्या जागा. वरचा मजला मानाचा, हे खूळ लिफ्टने नंतर आणलं.

पण मला जे खरं भावलं ते भिंती आणि जमिनी. भिंती तळाशी दोन फुटांहून जाड. आणि दोन मजल्यांमधल्या पोकळीत काय भरलंय, तर माती. आग वरखाली पसरू नये आणि आवाज जाऊ नये म्हणून. सेंट्रल पार्क खणताना निघालेली माती वापरली असंही सांगतात.

संपादकसाहेब, माती! आमच्या वाड्यात सागवानी तुळयांवर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत आहे आणि तक्तपोशीवर वीतभर मातीचा थर, त्यावर पूर्वी शेणाने सारवायचे, आता शहाबादी फरशी. वर पोरं लेझीम खेळली तरी खाली मला सुईत दोरा ओवता येतो. धाकट्या भावाचा फ्लॅट उपनगरात आहे, तिथे वरच्यांनी मिक्सर लावला की खालच्या कपातला चहा थरथरतो. अडाणी म्हणून ज्या मातीच्या जमिनीला आपण हसतो तीच युक्ती त्या काळच्या सगळ्यात महागड्या फ्लॅटमध्ये वापरली होती. आमच्या गवंड्याला न्यूयॉर्क ठाऊक नव्हतं आणि हार्डनबर्गला शुक्रवार पेठ.

सालांचा एक योग सांगितल्याशिवाय राहवत नाही. डकोटा बांधून झाला १८८४ मध्ये. आपला नवा राजवाडा कधी पुरा झाला? १८८४. सुरुवात १८७७ ची. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आपला टाऊन हॉलही त्यांचाच. मँट १८८१ मध्ये वारले, नवा राजवाडा पुरा झालेला त्यांनी बघितला नाही. तिकडे क्लार्क १८८२ मध्ये वारला, त्यानेही डकोटा पुरा झालेला बघितला नाही. इथे आर्किटेक्ट गेला, तिथे मालक. दोन्ही इमारती मात्र उभ्या आहेत, आणि दोन्हींत माणसं राहतात. नव्या राजवाड्यात खाली संग्रहालय आणि राजघराण्याचा निवास तिथेच, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याला येतो. डकोटा वाचला कसा? सिंगरची माडी दगडा-पोलादाची, नामांकित, देखणी, तीही गेली. मग हे घर का राहिलं?

क्लार्कच्या वारसांनी ते जवळपास ऐंशी वर्षं सांभाळलं. १९६० मध्ये घराण्यातला शेवटचा सांभाळणारा वारस गेला आणि इमारत विक्रीला आली. त्या वेळी न्यूयॉर्कात पाडापाडीचा जोर एवढा, की दोन-तीन वर्षांतच पेनसिल्व्हेनिया स्टेशनसारखं भव्य स्टेशन त्यांनी भुईसपाट केलं. डकोटाची जमीन सोन्याच्या भावाची. बिल्डरच्या हातात गेलं असतं तर आज तिथे काचेचा डबा असता. पण आतले भाडेकरू एकत्र आले, त्यांनी १९६१ मध्ये इमारत विकत घेतली आणि सोसायटी केली. सगळं वाचलं नाही. मागची बाग, जिथे पूर्वी टेनिस खेळायचे, ती गेली आणि तिथे उंच टॉवर आला. पण वाडा राहिला. सरकारी संरक्षण त्यानंतरचं: शहराने १९६९ मध्ये त्याला वारसा ठरवलं, देशाने १९७६ मध्ये. आधी राहणाऱ्यांनी खिशात हात घातला, मग सरकारने पाटी लावली. हा क्रम आपल्याकडे उलटा आहे. आपण पाटीची वाट बघतो.

हे लिहिताना मलाही थोडं अवघडल्यासारखं होतंय, कारण मी स्वतः भाडेकरूच. आमच्या वाड्यात पूर्वी नऊ बिऱ्हाडं होती, आता सहा. मी दुकानाचं आणि मागच्या दोन खोल्यांचं मिळून महिन्याला ७५ रुपये भाडं देतो. एका शर्टाच्या शिलाईतून चार महिन्यांचं भाडं निघतं. मालक पुण्याला असतात, भला माणूस. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मागच्या सोप्यावरच्या तुळईचं टोक कुजलं, तेव्हा त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मामा, सहाही बिऱ्हाडांचं महिन्याचं भाडं एकत्र केलं तर सुतार एक दिवस तरी येईल का, तुम्हीच सांगा." मला सांगता आलं नाही. आम्ही वाड्यावर प्रेम करतो असं म्हणतो, पण कौल बदलायचं झालं की मालकाकडे बोट. मालक म्हणतो, भाडं बघा. मधल्या मध्ये तुळई कुजते. मग एक दिवस दारावर 'धोकादायक इमारत' असा कागद चिकटतो आणि सगळ्यांची एकदम सुटका होते.

आमच्या दारावर तो चिकटलाय. मागच्या महिन्यात.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा पेठेत शिरली होती. जोत्याच्या काळ्या दगडापर्यंत पाणी आलं तेव्हा मी म्हणत होतो, एवढ्यावर थांबेल. रात्री ते दुकानाच्या उंबऱ्यावर चढलं. तालमीतल्या चार पोरांनी मशीन पायांसकट उचललं आणि जिन्याने माडीवर नेलं. जिना इतका अरुंद, की मशीन आडवं करून, एक पाय आधी, मग दुसरा, असं वळवत न्यावं लागलं. मागच्या सोप्यातल्या आक्का कंदील धरून वरून ओरडत होत्या, "मशीन जाऊ दे रे, आधी त्या म्हाताऱ्याला वर घ्या!" आठवडाभर मी, मशीन आणि आक्कांची मांजर माडीवर. पाणी उतरल्यावर आतल्या एका कच्च्या भिंतीचा पोपडा सुटला होता, बाकी जोतं धुतल्यासारखं स्वच्छ. शेजारच्या पाच मजली इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात मात्र पंधरा दिवस पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच खेळ. या वाड्याला धोकादायक म्हणा, माझी ना नाही, पण दोन महापूर त्याने कसे सोसले तेही कुणीतरी एका ओळीत लिहून ठेवायला हवं होतं.

काही वाडे खरोखर पडायला आलेत, हे मला मान्य आहे. तिथे माणूस दबून मरायची वाट बघू नये, उतरवावेत. आमचाही उतरवावा लागेल कदाचित. आम्ही सहाजणांनी आता वर्गणी काढायला घेतली आहे, मालकही निम्मा खर्च उचलतो म्हणाले, एका इंजिनिअरने तुळई बदलून वाडा राहू शकतो असं तोंडी सांगितलंय. सहातल्या दोघांना मात्र फ्लॅटच हवाय, आणि त्यांचंही चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्या सुनांना चौकातल्या एका नळावर भांडी घासायची नाहीत. डकोटातही मूळचे फ्लॅट मागाहून तोडले-जोडले गेलेच. संडास-मोरी आत घेतली म्हणून वाड्याचा वाडेपणा जात नाही.

पण राहो की जावो, माझं एक मागणं आहे आणि त्यासाठीच हे लांबण लावलं. पाडायच्या आधी माप घ्या.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. मोठमोठी माणसं रडत होती. दुसऱ्याच दिवसापासून 'होतं तसंच उभं करा' ही मागणी सुरू झाली, आणि होतं तसं म्हटलं की पहिल्यांदा लागतात ती मापं, जुने नकाशे, फोटो. नाट्यगृहाचे फोटो घराघरांत होते. आमच्या वाड्याचा एकही नकाशा कुणाकडे नाही. फोटो आहेत ते लग्नांचे, त्यांत वाडा मागे अर्धवट आणि पुढे नवरदेव. शालिनी पॅलेस, टाऊन हॉल, राजवाडे यांच्याबद्दल लिहिलेलं सापडतं. ज्या घरांत गाव राहिलं त्यांच्याबद्दल काहीच नाही. डकोटाचं मी एवढं सांगू शकलो ते त्याच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा पुस्तकात छापलेला होता म्हणून. माझ्या डोक्यावरच्या तक्तपोशीची जाडी मला न्यूयॉर्कहून परत आल्यावर, खिळा घालून, स्वतः मोजावी लागली. नऊ इंच भरली, मातीसकट.

आपल्या गावात आर्किटेक्चर शिकवणारी कॉलेजं आहेत. तिथली पोरं वह्या घेऊन देवळांपाशी आणि राजवाड्यांपाशी बसलेली दिसतात, चांगली गोष्ट आहे. त्यांतली पाच-दहा पेठांमध्ये पाठवावीत. आणि महापालिकेने एवढंच करावं, वाडा पाडायची परवानगी देताना आधी त्याचा मोजून काढलेला नकाशा आणि फोटो जमा करून घ्यावेत. त्याने बांधकाम अडणार नाही, बिल्डरचा आठवडा जाईल फार तर. कापड किती, कुठे उरेब, कुठे सांधा आहे हे न बघता मी आजवर कात्री लावलेली नाही. आणि मी कापतो ते कापड दुकानात पुन्हा मिळतं.

सुरुवात आमच्या वाड्यापासून करायला हरकत नाही. मालकांना विचारलंय, ते हो म्हणालेत. आक्का चहा करतील, तेवढं त्या मांजरावर पाय देऊ नये. येणाऱ्यांनी सोमवारी येऊ नये, दुकान बंद असतं. सकाळी दहानंतर कधीही यावं. टेप माझ्याकडे आहे, पण ती साठ इंचीच. पन्नास फुटी त्यांनी आणावी.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक शिंपी,
कोल्हापूर